न्यूटांच्या जलजीवालयातील तळथर

जलजीवालयाच्या तळाशी पसरलेल्या वाळूच्या, मातीच्या अथवा गोट्यांच्या थरास प्रस्तुत लेखात 'तळथर' असे म्हटले आहे. 'अधःस्तर' हा शब्द अधिक प्रौढ वाटला, तरी आस्कोली यांच्या विवेचनापासून भाषाशास्त्रात तो एका भाषेखाली दबून गेलेल्या दुसऱ्या भाषेच्या अर्थाने वापरला जातो, आणि एकाच संज्ञेवर दोन शास्त्रांचा भार टाकणे सोयीचे नाही. 'मत्स्यालय' हा लोकांच्या तोंडी असलेला शब्दही येथे टाळला आहे. कारण ज्या प्राण्याच्या निवासाचा विचार करावयाचा, तो न्यूट हा मत्स्य नव्हे. तो पुच्छधारी उभयचर आहे. आकाराने तो पालीसारखा दिसतो, म्हणून त्यास 'पाणपाल' म्हणावे असा मोह होणे शक्य आहे. परंतु पाल सरीसृप वर्गातील, तिची त्वचा खवल्यांची व कोरडी. न्यूटाची त्वचा उघडी, ओलसर आणि श्वसनास साहाय्य करणारी. पुढील सर्व विवेचन या त्वचेशी निगडित असल्याने नामकरणातच ही गफलत होऊ देणे बरे नव्हे.

मराठीत या प्राण्यास देशी नाव नाही, आणि त्याचे कारण उघड आहे: सह्याद्रीत वा दख्खनच्या पठारावर तो आढळतच नाही. भारतात पुच्छधारी उभयचर फक्त पूर्व हिमालयात व त्याला लागून असलेल्या ईशान्येकडील डोंगराळ प्रदेशात सापडतात. दार्जिलिंग परिसरातील व पूर्व नेपाळातील न्यूटास २०१५ साली स्वतंत्र जातीचा दर्जा देऊन 'टायलोटोट्रायटन हिमालयानस' असे नाव देण्यात आले. 'न्यूट' हे इंग्रजी नाव स्वतःच एका चुकीच्या पदच्छेदातून जन्मले आहे. मूळ शब्द 'यूट'. त्याच्यामागे लागणाऱ्या 'अॅन' या उपपदातील 'न' पुढील शब्दास चिकटला व 'न्यूट' तयार झाला. याच मुळापासून आलेला 'एफ्ट' हा दुसरा शब्द जमिनीवर वावरणाऱ्या अल्पवयीन न्यूटास आजही लावतात. याच्या नेमकी उलट घटना 'नारंग' या शब्दाच्या वाट्यास आली. पश्चिम युरोपातील कित्येक भाषांत त्याचा आदि 'न' उपपदात विरून गेला; मराठीतील 'नारिंगा'ने मात्र तो जपून ठेवला आहे.

प्रस्तुत विवेचनासाठी जपानी न्यूट, म्हणजे 'सायनॉप्स पायरोगॅस्टर' ही जाती डोळ्यांपुढे ठेवली आहे. पाठ काळसर, पोट शेंदरी व त्यावर काळे ठिपके असे तिचे रूप असते. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांवरील भातखाचरे, पाट व तळी हे तिचे वसतिस्थान. पुनर्जननाच्या अभ्यासात या जातीचे स्थान फार मोठे आहे. गोरो एगुची, पानागिओटिस त्सोनिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्याच त्या न्यूटांच्या डोळ्यांतील भिंग सोळा वर्षांच्या अवधीत अठरा वेळा काढण्यात आले होते, आणि दर वेळी ते नव्याने निर्माण झाले. प्रयोग संपला त्या वेळी या प्राण्यांचे वय किमान तीस वर्षांचे असावे, असा अंदाज संशोधकांनी दिला आहे. अठराव्या वेळी आलेले भिंगही तरुण न्यूटाच्या भिंगापेक्षा कमी प्रतीचे नव्हते. असे प्रयोग करावयाचे, तर एकेक प्राणी दशकानुदशके निरोगी राहिला पाहिजे. अठरा वेळा भिंग पुन्हा घडविणारा प्राणी आतड्यात अडकलेल्या एका खड्याने मरू शकतो, हे ध्यानी घेतले म्हणजे तळाशी काय पसरावे हा प्रश्न शोभेचा राहत नाही.

प्रश्नाचे मूळ असे की, तळथराकडून वनस्पती एक अपेक्षा करतात आणि प्राणी दुसरी. मुळे धरणाऱ्या वनस्पतींना पोषकद्रव्यांनी युक्त, बऱ्यापैकी खोल व फार घट्ट नसलेला थर हवा असतो. न्यूटास असा तळ हवा की जो गिळला तरी अपाय करणार नाही, त्वचेस ओरखडणार नाही आणि पाण्यात विष सोडणार नाही. मग वनस्पतीच नकोत, असे म्हणता येत नाही. या जातीची मादी आपली अंडी एकेक करून पानांवर घालते आणि मागच्या पायांनी पान दुमडून त्यात अंडे गुंडाळून ठेवते. मऊ व लवचिक पानांच्या वनस्पती हा तिच्या प्रजननक्रियेचाच भाग आहे.

न्यूट पाण्यात भक्ष्य पकडतो ते मुख्यतः चोषणाने. भक्ष्याजवळ आल्यावर तो तोंड उघडतो व मुखगुहेचा तळ एकदम खाली ओढतो. त्या ओढीसरशी पाणी आणि त्याबरोबर किडा आत येतो. किडा तळावर असेल, तर तळावरचे जे सुटे असेल तेही आत येते. न्यूटाचे दात बारीक असून ते भक्ष्य धरून ठेवण्याच्या उपयोगाचे, चावण्याच्या नव्हे. तोंडात आलेला खडा काही वेळा थुंकला जातो, काही वेळा गिळला जातो. गिळलेला खडा आतड्याच्या वळणात अडकल्यास प्राणी अन्न सोडतो, पोट फुगते आणि बहुधा तो दगावतो.

यावरून कणांच्या आकाराविषयी एक साधा पण कठोर नियम निघतो. कण एक तर इतका बारीक असावा की गिळला तरी विष्ठेबरोबर सहज निघून जाईल, किंवा इतका मोठा असावा की तोंडात शिरणारच नाही. या दोन टोकांच्या मधले सर्व आकार वर्ज्य होत. भूविज्ञानात वेंटवर्थ यांनी १९२२ साली रूढ केलेल्या मापनश्रेणीनुसार २ मिलिमीटरपर्यंतचा कण वाळूत मोडतो. त्यापुढे ४ मिलिमीटरपर्यंत भरड कण आणि ४ ते ६४ मिलिमीटर हे गोटे. न्यूटासाठी १ मिलिमीटरहून कमी जाडीची वाळू निर्धोक, आणि प्राण्याच्या डोक्याहून मोठे असे नदीतील गुळगुळीत गोटेही निर्धोक. दुर्दैवाने शोभेच्या माशांच्या दुकानांत जी रंगीबेरंगी खडी सर्रास विकली जाते, ती बहुधा ३ ते ६ मिलिमीटरांची, म्हणजे नेमकी घातक मापाची असते. माशांसाठी ती चालते म्हणून न्यूटासाठीही चालेल, हा तर्क कित्येक प्राण्यांच्या जिवावर बेतलेला आहे.

आकाराइतकेच कणांच्या कडांना महत्त्व आहे. नदीची वाळू प्रवाहात घासून गोलसर झालेली असते. दगड फोडून केलेली कच धारदार राहते. बांधकामास ती उपयुक्त असेलही, परंतु ज्याची त्वचा हे श्वसनाचे इंद्रिय आहे त्या प्राण्याच्या पोटाखाली ती पसरणे अनुचित होय. बोटांच्या चिमटीत वाळू चोळून पाहिल्यास हा फरक कोणासही कळतो.

बारीक वाळू निवडताच दुसऱ्या बाजूची अडचण उभी राहते. कणाचा व्यास कमी होतो त्या प्रमाणात तेवढ्याच घनफळातील कणांचे एकूण पृष्ठफळ वाढते, आणि अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंना वसतीस अधिक जागा मिळते. हा लाभ खरा. परंतु थरातून पाणी झिरपण्याची क्षमता व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जाते. २ मिलिमीटरांच्या कणांऐवजी अर्ध्या मिलिमीटराचे कण घेतले, तर पृष्ठफळ चौपट होते. झिरप मात्र सुमारे सोळाव्या हिश्शावर येते. जंतूंना घर मिळाले, पण घरात हवा खेळेनाशी झाली. म्हणून बारीक वाळूच्या थरात वरचे एक-दोन सेंटिमीटर सोडले, तर खाली प्राणवायू फारसा पोहोचत नाही.

प्राणवायूविरहित मातीत काय घडते, याचा पद्धतशीर अभ्यास भातशेतीच्या निमित्ताने झालेला आहे, आणि जपानी न्यूट भातखाचरांतीलच रहिवासी असल्याने तो येथे अप्रस्तुत नाही. खाचरात पाणी भरल्यावर मातीतील सूक्ष्मजंतू प्रथम उरलासुरला प्राणवायू संपवितात. नंतर ते नायट्रेटाकडे वळतात, मग मँगेनिजाच्या ऑक्साइडांकडे, त्यानंतर लोहाच्या ऑक्साइडांकडे आणि पुढे सल्फेटाकडे. हा क्रम यदृच्छेने ठरलेला नाही. ज्या द्रव्यापासून जंतूंना अधिक ऊर्जा मिळते ते आधी संपते. क्रमाचा पूर्वार्ध वनस्पतींना हितकारक आहे, कारण क्षपण झालेले लोह विद्राव्य होऊन मुळांना उपलब्ध होते. उत्तरार्धात मात्र सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याचा कुजक्या अंड्याचा वास सर्वांच्या परिचयाचा आहे. मुळांना व प्राण्यांना तो विषारी आहे. पाणवनस्पती यावर एक उपाय स्वतःच करतात. पानांत तयार झालेला प्राणवायू देठातील पोकळ ऊतींवाटे मुळांपर्यंत नेऊन त्यातील काही भाग त्या भोवतालच्या मातीत सोडतात. भाताच्या मुळांवर लोहाच्या ऑक्साइडाचा तांबूस लेप चढतो तो यामुळेच. सारांश असा नव्हे की खोल थर नेहमी घातक असतो. मुळांनी भरलेला खोल थर आणि मुळांवाचूनचा खोल थर या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

मातीचा उपयोग जलजीवालयात कसा करावा, याचे सविस्तर विवेचन डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले आहे. साध्या मातीचा सुमारे अडीच सेंटिमीटरांचा थर आणि त्यावर वाळूचे अथवा बारीक खडीचे तितक्याच जाडीचे आच्छादन, अशी त्यांची रचना आहे. मातीत चिकणमातीचे व सेंद्रिय द्रव्याचे कण असतात. या कणांवरील ऋण विद्युत्‌भार अमोनियम, पोटॅशियम, लोह यांचे धनायन धरून ठेवतो व मुळांना हळूहळू देतो. शुद्ध गारेच्या वाळूत ही विनिमयक्षमता जवळजवळ शून्य असते. त्या दृष्टीने माती श्रेष्ठ ठरते. परंतु न्यूट तळावर चालतो, कोपरे हुंगतो आणि किड्याच्या मागे वाळूत तोंड खुपसतो. आच्छादन पातळ असेल तर काही आठवड्यांतच खालची माती वर येते आणि पाणी गढूळ होते. मुळांसकट रोप उपटण्याचा प्रसंग आल्यास हीच गत अधिक वेगाने होते.

भाजलेल्या मातीच्या गोळ्यांच्या स्वरूपात मिळणारा तयार तळथर वनस्पतींच्या शौकिनांत लोकप्रिय आहे. या गोळ्या पाण्याचा सामू व कठीणपणा उतरवितात, आणि त्यांतील काही प्रकार आरंभीच्या आठवड्यांत बराच अमोनिया सोडतात. अमोनियाचे घातकत्व सामूवर अवलंबून असते. २० अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.४ टक्केच मुक्त, म्हणजे तीव्र विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे सामू एका अंकाने वाढला की विष जवळजवळ दहापट. आम्लधर्मी गोळ्यांमुळे आरंभी धोका झाकलेला राहतो आणि कठीण पाण्याने टाकी भरताच उघडा पडतो. त्यातच न्यूटाच्या टाकीचे तापमान १६ ते २० अंशांच्या दरम्यान ठेवावे लागत असल्याने अमोनियाचे रूपांतर करणारे जंतूही मंदगतीने वाढतात. उष्ण पाण्यातील माशांच्या टाकीस जितके आठवडे थांबावे लागते, त्याहून अधिक येथे थांबले पाहिजे, आणि सलग काही दिवस अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्य आढळेपर्यंत प्राणी आत सोडू नयेत. खेरीज या गोळ्यांचा आकारही बहुधा वर्ज्य मापातच पडतो. हे आक्षेप एकत्र पाहिले असता न्यूटासाठी हा तळथर नापसंत करणे भाग आहे; वनस्पतींचे सौंदर्य ही त्याची पुरेशी भरपाई होत नाही.

स्थानिक खनिजद्रव्यांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. जलजीवालयशास्त्रात लोहाचा पुरवठा करण्यासाठी लॅटेराइटाचा चुरा तळथरात मिसळण्याची पद्धत १९८६ साली हॉर्स्ट व किपर यांच्या पुस्तकामुळे बरीच पसरली. हा लॅटेराइट म्हणजे कोकणातील जांभा दगड होय. मलबारात लोक तो मऊ असताना कापून विटांसारखा वापरतात, हे पाहून फ्रान्सिस बुकॅनन यांनी आपल्या १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात विटेच्या लॅटिन नावावरून त्याचे नामकरण केले. रत्नागिरीच्या वाचकास या परदेशी नावाखाली आपल्या घराचा चिरा विकत घेण्याची गरज नाही. जांभ्याचा चुरा धुऊन, चाळून वाळूच्या खालच्या अंगास थोडा मिसळला की लोहाची गरज भागते. पण जांभ्यात लोह व अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे विपुल असली तरी इतर पोषकद्रव्ये तुटपुंजी असतात, हे विसरू नये. याउलट देशावरची काळी माती विनिमयक्षमतेत फार समृद्ध. परंतु ती पाण्यात फुगते आणि तिचे कण दिवसेंदिवस तरंगत राहतात. शेतकऱ्याचे ते वैभव टाकीत निरुपयोगी ठरते. समुद्रकिनाऱ्याची वाळू तर घेऊच नये, कारण तीत मीठ असते आणि शिंपल्यांचा चुनाही. कोणत्याही वाळूत चुना आहे की नाही, हे तिच्यावर शिर्क्याचे थेंब टाकून कळते; बुडबुडे आले तर ती वाळू पाण्याचा कठीणपणा व सामू वाढवीत राहणार.

आता वनस्पतींकडे वळले असता प्रश्न बराच सोपा होतो. जावा फर्न व अनुबियस यांचे आडवे खोड मातीत पुरल्यास कुजते, म्हणून त्यांना दगडाला वा लाकडाला दोऱ्याने बांधतात. तळथराशी त्यांचा संबंधच येत नाही. परंतु अनुबियसचे पान जाड व ताठ असल्याने मादीला ते दुमडता येत नाही. अंड्यांसाठी एलोडिया किंवा एजेरिया यांसारख्या मऊ पानांच्या वनस्पती उत्तम. त्या पोषकद्रव्यांचा मोठा भाग पाण्यातूनच घेतात आणि नुसत्या तरंगत सोडल्या तरी वाढतात. सेराटोफायलमला तर मुळेच नसतात. थंड पाणी व मंद प्रकाश यांतही या तगतात. मुळांतून पोषण घेणाऱ्या व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिन यांनाच समृद्ध मातीची खरी अपेक्षा असते. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती सह्याद्रीतील ओढ्यांतही वाढतात.

म्हणून सर्व टाकीभर माती पसरण्यापेक्षा मुळे धरणाऱ्या वनस्पती लहान मातीच्या कुंड्यांत लावाव्यात, कुंडीत तळाशी माती व वर वाळूचा जाड थर द्यावा, आणि उरलेल्या तळावर धुतलेली बारीक वाळू फक्त एक ते दोन सेंटिमीटर ठेवावी, ही रचना सर्वांत समाधानकारक होय. थर पातळ असल्याने प्राणवायू तळापर्यंत जातो, विष्ठा वरच राहते व नळीने ओढून घेता येते, आणि एखादी कुंडी बिघडली तर तेवढीच उचलून बाहेर काढता येते. कुंड्या दिसू नयेत म्हणून त्यांच्याभोवती मोठे गोटे रचता येतात. मात्र गोटे वाळूवर न ठेवता थेट काचेवर टेकवावेत, अन्यथा खालची वाळू सरकून ते न्यूटावर कलंडतात. वाळू घालण्यापूर्वी निवळ पाणी येईपर्यंत धुवावी लागते, आणि टाकी भरताना धार बशीवर सोडावी लागते; या दोन कामांत केलेली घाई पुढे आठवडाभर गढूळ पाण्याच्या रूपाने भोवते.

अन्न देण्याच्या पद्धतीचाही येथे संबंध येतो. ट्यूबिफेक्ससारखे जिवंत किडे वाळूवर सोडले की ते आत घुसतात. काही तेथेच मरून कुजतात, आणि न्यूट त्यांच्यासाठी वाळू ओढू लागतो. काचेच्या उथळ बशीत अन्न ठेवण्याची सवय लावल्यास हे दोन्ही टळते. अळ्यांच्या टाकीत मात्र तळथर मुळीच नसावा. त्यांचे भक्ष्य अतिसूक्ष्म असते, उरलेले रोज काढावे लागते, आणि उघड्या काचेवर ते जितके चांगले दिसते तितके वाळूत दिसत नाही. नव्याने आणलेल्या प्राण्यांच्या विलगीकरणाच्या टाकीसही हाच नियम लागू आहे. तेथे एखादी तरंगती वनस्पती व आडोशास मातीचे खापर एवढे पुरे.

विलगीकरणाचा आग्रह धरण्यास गेल्या काही वर्षांत गंभीर कारण मिळाले आहे. 'बॅट्रॅकोकायट्रियम सॅलमँड्रिव्होरन्स' या नावाने २०१३ साली वर्णिलेल्या बुरशीने नेदरलँड्‌समधील अग्निसॅलमँडरांची संख्या जवळजवळ नामशेष केली. ती मूळची आशियातील असून सायनॉप्स प्रजातीतील न्यूट स्वतः फारसे आजारी न पडता तिचे वाहक होऊ शकतात. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती युरोपात पोहोचली, असे संशोधकांचे मत आहे. या भीतीने अमेरिकेने जानेवारी २०१६ मध्ये सॅलमँडरांच्या २०१ जातींची आयात रोखली. ही बुरशी १० ते १५ अंशांना सर्वांत जोमाने वाढते आणि २५ अंशांस टिकत नाही. म्हणजे न्यूटास मानवणारा गारवा तिलाही मानवतो. तिचे बीजाणू पाण्यात व मातीत काही काळ जिवंत राहतात. जुनी वाळू, कुंड्यांतील माती आणि टाकीतून उपसलेले पाणी ही तिची वाहने ठरू शकतात. पूर्व हिमालयातील न्यूट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे व घरी ठेवणे निषिद्ध आहे. पण कायदा माणसाचा हात धरू शकतो, ओढ्यात ओतलेल्या बादलीभर पाण्याचा नाही. म्हणून परदेशी न्यूटांच्या टाकीतील पाणी उकळल्याशिवाय वा जंतुनाशक घातल्याशिवाय बाहेर टाकू नये. वाळू पुन्हा वापरावयाची असल्यास ती पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवावी, आणि कुंड्यांतील माती बागेत न टाकता भट्टीत भाजून मगच फेकावी.